भिंतीबाहेर राहिलेला सिग्नलवाला

सिग्नलवाला : …तर मी खाली धक्क्यावर, आणि ही वर क्रेनच्या केबिनमध्ये. पाखरंसुद्धा मध्ये एकदा दम खाऊन मग पोचायची, इतकी उंच. तिथून हिने हुक सोडला आणि माझ्या डोक्यावरची टोपी उचलून नेली. एक केस विस्कटला नाही.

भंगारवाला : काका, टोपीचं राहू द्या. मला हा कॉम्प्युटर ट्रकमध्ये टाकायचाय. उद्या ही खोली पाडणार आहेत, आज सगळं रिकामं करून द्यायचंय.

क्रेनवाली : टोपी नव्हती. छत्री होती.

सिग्नलवाला : आलीस? बघ रे भाऊ, म्हटलं नव्हतं येईल म्हणून? हीच ती.

क्रेनवाली : आणि उघडी होती. आधी हुकाने मिटली, मग उचलली.

भंगारवाला : मावशी, हुकाने छत्री मिटली?

क्रेनवाली : वारा पडला होता म्हणून जमलं. रोज नाही जमत. सरक जरा, बसू दे. हे जिने पूर्वी इतके नव्हते. काय रे थापाड्या, फोनवर म्हणालास छातीत धडधडतंय. मी डॉक्टरचा नंबर काढून आलेय.

सिग्नलवाला : धडधडतंयच की. याने वायर काढायला हात घातला तेव्हा जास्तच.

क्रेनवाली : कसली वायर? अगं बाई. हा अजून चालू आहे?

सिग्नलवाला : चालायला काय झालं. मधून मधून थाप मारावी लागते, डाव्या अंगाला.

क्रेनवाली : तुझ्याजवळ राहून त्यालाही सवय झाली थापांची. आणि खुर्ची तीच. हिचं एक चाक नव्हतंच कधी. आणि हा पाइप… यावर आपण ओले हातमोजे वाळत टाकायचो. सगळ्या खोलीला रबर भाजल्याचा वास.

सिग्नलवाला : अजून येतो. नाक लाव.

क्रेनवाली : नाही लावत. बोल, कशाला बोलावलंस? खरं सांग. मला दुपारी झोपायची सवय लागलीये.

सिग्नलवाला : आपला डाव राहिलाय.

क्रेनवाली : नाही.

सिग्नलवाला : ऐकून तर घे.

क्रेनवाली : तो डाव नाही. दुसरा कुठलाही मांड, खेळते. तो नाही. मी कानाला खडा लावलाय.

भंगारवाला : कसला डाव? पत्ते?

सिग्नलवाला : पत्ते नव्हे रे, किल्ल्याचा गेम. ये, बस त्या खोक्यावर. तुझा ट्रक काही पळून जात नाही. एका जहाजावरचा आचारी हा गेम इथे विसरून गेला. डब्यावरची अक्षरं कुठल्या मुलखातली होती कोण जाणे. सूचना वाचता येईनात. शिकलो कसे, तर मरून. काय केलं की मरतो, ते एकेक करून कळत गेलं.

क्रेनवाली : याला सगळ्यात जास्त कळलं.

सिग्नलवाला : आता हा पडदा बघ, मधोमध आडवा कापलाय. वरचा अर्धा हिचा. तिला सगळं मैदान वरून दिसतं, नकाशासारखं. ती माउसने भिंती उभ्या करते, मनोरे बांधते. तोफेचा मनोरा, बर्फाचा मनोरा, करंटवाला मनोरा. खालचा अर्धा माझा. मी त्याच भिंतींमध्ये खाली चालतोय. मला फक्त समोरचं दिसतं, माझे दोन हात आणि बंदूक. मैदानाच्या टोकाकडून राक्षस येतात. थोडे तिचे मनोरे मारतात, उरलेले मी.

भंगारवाला : म्हणजे तेच मैदान, पण ती वरून बघते आणि तुम्ही आतून.

सिग्नलवाला : शाबास. आमच्या मुकादमाला हे समजायला पावसाळा गेला.

क्रेनवाली : गोदीतही आमचं हेच काम होतं. मी वरून पेटी सोडणार, कंटेनर रे, आणि हा खाली हातांनी खुणा करणार, घे, थांब, डावीकडे, सोड. पहिलं वर्षभर मला याचा चेहरा माहीत नव्हता. नुसते हात ओळखायची. पगाराच्या रांगेत माझ्यापुढे कुणीतरी हातवारे करून गप्पा हाणत होतं, म्हटलं, अरे, हा तर माझा माणूस.

सिग्नलवाला : तेव्हा मी हिला देवमाशाचं सांगत होतो.

क्रेनवाली : मला नाही, पुढच्या बाईला.

भंगारवाला : देवमाशाचं काय?

सिग्नलवाला : जहाज समजून दोर बांधला होता मी त्याला. अर्धी पाळी माल चढवला, मग तो बुडाला. ते नंतर. तर हे राक्षस येतात कशाला, तर मधोमध तो हिरवा चौकोन आहे ना, चमकतोय तो, त्याच्यासाठी. त्याला आम्ही डबा म्हणायचो. या खोलीत जेवणाचे डबे फार चोरीला जायचे. म्हणून सगळ्यांना खेळातही डबा सांभाळायची कळकळ.

क्रेनवाली : जेवणाच्या सुट्टीत इथे पाय ठेवायला जागा नसायची. वेल्डर, पेंटर, टाइमकीपर, सगळे मागे उभे. पेंटर तर चमचा तोंडात तसाच ठेवून बघायचा. त्या जाड्या संथ राक्षसाला त्यानेच ‘साहेब’ नाव दिलं. येतो सावकाश, पण आला की सगळं बसतं.

सिग्नलवाला : आणि ती बारकी, भर्रकन पळणारी, ती ‘चिलटं’.

क्रेनवाली : भोंगा व्हायचा तरी कुणी हलायचं नाही. शेवटी मुकादम हाकलायला यायचा, आणि तोही मागे उभा राहायचा.

सिग्नलवाला : मग स्वयंचलित क्रेन आल्या. हिला उचलून काचेच्या खोलीत बसवलं. तिथून पडद्यावर बघून पेट्या हलवायच्या. खाली माणूस लागेना. मला गेटवर पास तपासायला उभं केलं. जेवणाच्या सुट्ट्या वेगळ्या झाल्या, आणि डाव राहिला तो राहिला.

क्रेनवाली : सुट्ट्यांमुळे नाही राहिला.

सिग्नलवाला : मी तुझी अब्रू राखत होतो.

भंगारवाला : मग कशामुळे? आता बसलोच आहे तर सांगा.

क्रेनवाली : दाखव त्याला. दाखवल्याशिवाय हलणार नाहीस तू. पण नुसतं दाखव, चालू करू नकोस.

सिग्नलवाला : हा बघ. जसा ठेवला होता तसाच साठवलेला आहे. शेवटची लाट. राक्षस लाटांनी येतात, मध्ये जरा उसंत मिळते, तेव्हा बांधून घ्यायचं. ही शेवटची. एवढी परतवली की जिंकलो. आख्ख्या गोदीत कुणी जिंकलेलं नाही.

भंगारवाला : बाप रे. केवढा किल्ला आहे.

क्रेनवाली : वर्षं गेली आहेत त्यात. ती वळणं बघ, नागमोडी. एकदम सरळ वाट दिली तर राक्षस पळत डब्याशी पोचतात. म्हणून भिंती घालून वाट लांबवायची, फिरवायची, आणि वळणावळणावर मनोरे. याचा कितीदा रस्ता चुकलाय त्यात. मी बांधायची आणि हा आतून ओरडायचा, बाई, मी कुठे आहे?

सिग्नलवाला : एकदा संडासला जाऊन आलो तर हिने माझ्याभोवतीच भिंत घातलेली. चारी बाजूंनी.

क्रेनवाली : ती मुद्दाम होती.

भंगारवाला : बरं, आणि काका, तुम्ही कुठे आहात यात?

सिग्नलवाला : तेच तर. शोध.

भंगारवाला : आत तर दिसत नाही. हा… हा भिंतीच्या बाहेर कोण उभा आहे?

सिग्नलवाला : तो मी.

भंगारवाला : आणि समोरून येतायत ते?

सिग्नलवाला : ते सगळे. साहेब, चिलटं, झाडून सगळे.

भंगारवाला : मग आत या ना.

सिग्नलवाला : वाट कुठे आहे? बाईंनी बंद केली.

क्रेनवाली : मी सांगते. वाटेच्या तोंडाशी भिंत अर्धी सरकवायची होती, फट ठेवून. मी वरून भिंत धरलेली, आणि हा बरोबर तिच्याखाली. मी थांबले. गोदीत आमचा नियम साधा होता, माणूस पेटीखालून बाजूला झाला की सोडायची. कुठल्या बाजूला झाला ते बघायचं कारणच नसतं. इकडे काय, तिकडे काय, बाजूला झाला म्हणजे वाचला. आणि याची खोड अशी की पेटी सोडायच्या आधी पुढे जाऊन जागा बघायची.

सिग्नलवाला : खोड नव्हे, पद्धत. खड्डा असला तर?

क्रेनवाली : तर हा पुढे गेला जागा बघायला. बाजूला झाला. मी सोडली. फट राहायची होती, तिथे याला टाळायच्या नादात भिंत पूर्ण बसली. आणि हा बाहेर. त्याच क्षणी लाट सुरू.

भंगारवाला : मग परत काढायची भिंत.

क्रेनवाली : काढली तर सगळी गर्दी त्याच दारातून आत घुसणार, आणि दारात हा. तुडवतील. नाही काढली तर आत जायला वाट नाही म्हणून ती भिंतच फोडायला लागतील, आणि भिंतीला पाठ लावून हा.

भंगारवाला : दोन्हीकडून मरणच.

क्रेनवाली : म्हणून मी साठवून ठेवला डाव आणि उठले.

सिग्नलवाला : आणि मी तेव्हापासून तिथे उभा आहे. पाऊस नाही, ऊन नाही, नुसता उभा. आता माझं ऐक बाई. मी हिशोब घातलाय. गेटवर पास तपासताना दुसरं काही काम नव्हतं. तू भिंत उघडू नकोस. मी समोर उभा राहून जमेल तेवढे मारतो. माझ्यामागे तुझ्या तोफा आहेत. मी शेवटाला पडणार, पण तोवर निम्मी लाट गेली असेल. उरलेल्यांना भिंत फोडेपर्यंत तोफा खातील. डबा वाचतो. जिंकलो आपण.

क्रेनवाली : आणि तू?

सिग्नलवाला : शेवटच्या लाटेत मेलेला परत उठत नाही. पण किल्ला राहतो ना.

भंगारवाला : काका, मला हा कॉम्प्युटर नेऊन फोडायचाय. किल्ला कुठे राहणार?

सिग्नलवाला : जिंकून गेला असं तर होईल. भाऊ, मी उद्या मुलीकडे जातो राहायला, दुसऱ्या गावी. चांगली आहे पोरगी. खिडकीजवळ पलंग मांडलाय माझ्यासाठी. तिच्या घरी मी मावतोय तेच खूप, यात हे डबडं कुठे नेऊ? आणि दुसऱ्या मशीनवर हा गेम चालत नाही, तिने खटपट करून बघितली. म्हणजे आजच. त्या पलंगावर पडून मला रोज आठवणार की आपण कुठेतरी भिंतीबाहेर अर्धवट उभे आहोत. ते नको आहे मला. मेलो तर चालेल.

क्रेनवाली : मला नाही चालणार.

सिग्नलवाला : चित्रातला माणूस आहे गं तो.

क्रेनवाली : सगळी नोकरी काढली मी, माझ्या पेटीखाली माणूस सापडला नाही. धुकं होतं, पाऊस होता, एकदा ताप अंगात होता. नाही सापडला. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषण केलं, त्यात हेच सांगितलं, की बाईंच्या हातून कुणाला ओरखडा नाही. लोक टाळ्या वाजवतायत आणि माझ्या डोळ्यांपुढे काय, तर ही भिंत. आणि बाहेर तू. म्हटलं, एक आहे. खोटा का असेना, एक आहे.

सिग्नलवाला : मला कधी बोलली नाहीस.

क्रेनवाली : तुला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी गोदीभर झालं असतं की बाई झोपेत रडते.

सिग्नलवाला : झोपेत नव्हे, मी सांगितलं असतं, केबिनमध्ये. खाली पाऊस समजून लोकांनी छत्र्या उघडल्या.

क्रेनवाली : बघ.

भंगारवाला : मावशी, मी एक बोलू का? मला गेममधलं काही कळत नाही. पण आम्ही इमारत पाडतो ना, तेव्हा पुढे माणसं असली की पहिला हातोडा मागच्या बाजूला घालतो. सगळा धुरळा तिकडे जातो.

सिग्नलवाला : हे पाडायचं नाहीये रे बाबा, हे वाचवायचंय.

भंगारवाला : बरं. मी आपलं सुचलं ते बोललो.

क्रेनवाली : चालू कर.

सिग्नलवाला : काय?

क्रेनवाली : डाव चालू कर म्हटलं. माउस दे इकडे. चष्मा कुठे ठेवला मी…

सिग्नलवाला : डोक्यावर. नक्की ना? परत उठून जाशील.

क्रेनवाली : नाही जात. तू तुझं बघ. बोटं चालतात का अजून?

सिग्नलवाला : या बोटांनी मी एकदा साहेबाला फावड्याने मारलंय, गोळ्या संपल्यावर.

क्रेनवाली : फावडं या गेममध्ये नाहीच आहे.

सिग्नलवाला : म्हणून तर अवघड गेलं. चल. आले. चिलटं आली, भाऊ, बघ कशी पळतात. हा घे. हा घे. अजून येतंय मला, बाई.

भंगारवाला : डावीकडे, काका, डावीकडे.

सिग्नलवाला : दिसली. गेली. आता पाठ टेकली भिंतीला. तोफ चालू दे तुझी.

क्रेनवाली : चालू आहे.

सिग्नलवाला : बर्फ टाक त्या मधल्या घोळक्यावर.

क्रेनवाली : टाकला.

सिग्नलवाला : हे बघ, साहेब आले. एक नाही, रांगेने आलेत. आख्खं ऑफिस उठून आलंय. बाई, मजा आहे. मी याला जेवढा वेळ अडवतो तेवढा… बाई, तुझा माउसचा बाण कुठे गेला? मागे काय करतेयस?

क्रेनवाली : काही नाही. तू समोर बघ.

सिग्नलवाला : मागे डब्यापाशी भिंत आहे, तिला कशाला हात लावतेयस? तिकडे एकही मनोरा नाही.

क्रेनवाली : माहीत आहे. मीच बांधलंय.

भंगारवाला : अरे, मागची भिंत काढली मावशींनी.

सिग्नलवाला : बाई, घाल परत. घाल लवकर. त्यांना वाट दिसली की… हे बघ, वळले. सगळे वळले. ए साहेब, इकडे. इकडे ये की रे, मी इथे आहे.

भंगारवाला : तुमच्याकडे बघतही नाहीत काका. शेजारून चाललेत.

सिग्नलवाला : घे, पाठीत घे… लागत नाही. लांब गेले. बाई, अजून वेळ आहे. एक भिंत घाल फक्त. मी आहे ना इथे.

क्रेनवाली : तू आहेस तिथेच राहा. पुढे जाऊन जागा बघू नकोस.

सिग्नलवाला : डबा गेला बाई.

क्रेनवाली : जाऊ दे.

(पडद्याचा वरचा अर्धा भाग काळा होतो. खालच्या अर्ध्यात दोन हात आणि बंदूक, पुढे उघडं मैदान.)

भंगारवाला : म्हणजे हरलात?

क्रेनवाली : हरलो.

भंगारवाला : पण काका तर उभे आहेत अजून.

क्रेनवाली : हो.

सिग्नलवाला : जिंकलो असतो. हाताशी आलं होतं. त्या आचाऱ्याने हातवारे करून सांगितलं होतं, जिंकलं की किल्ल्यावर दिवे लागतात, सगळ्या बुरुजांवर. मला ते बघायचं होतं.

क्रेनवाली : तुझ्याशिवाय मी ते कशाला बघू? तू मेलेला आणि वर दिवे. चांगलं दिसतं का ते?

सिग्नलवाला : एवढ्या वर्षांचा किल्ला घालवलास.

क्रेनवाली : परत बांधीन. तू कुठून आणू?

सिग्नलवाला : …चहा तरी असायचा पूर्वी इथे.

भंगारवाला : किटली मी सकाळीच ट्रकमध्ये टाकली. आणू का परत?

क्रेनवाली : राहू दे रे. रुसलास का, थापाड्या? तिकडे नव्या गावात गेल्यावर सांग सगळ्यांना जिंकलो म्हणून. किल्ला पेटलेला, आणि तू एका हाताने राक्षस मारतोयस आणि दुसऱ्या हाताने दिवे लावतोयस. मी नाही येत खोडून काढायला.

सिग्नलवाला : नाही. हे झालं तसंच सांगीन.

क्रेनवाली : कोण विश्वास ठेवेल?

सिग्नलवाला : नाही ठेवणार. त्याची सवय आहे मला. हे काय, हे कसं झालं? सगळं हिरवं झालं.

क्रेनवाली : नवा डाव. रिकामं मैदान. विसरलास? हरलं की आपोआप मांडला जातो.

सिग्नलवाला : किती मोकळं दिसतंय. इथे एक भिंत नाही.

भंगारवाला : असं करतो, मी खाली जाऊन आधी पत्रे आणि लोखंडी कपाटं भरून घेतो. त्याला वेळ लागेल. याला शेवटी नेतो. पण काका, देवमासा बुडाला तेव्हा मालाचं काय झालं, ते मला वर आल्यावर सांगायचं.

सिग्नलवाला : तू ये तर खरा.

क्रेनवाली : गेला. बरा माणूस आहे. ऊठ.

सिग्नलवाला : का? खेळायचं नाही?

क्रेनवाली : खेळायचंय. जागा बदल. तू वर बस, मी खाली जाते. मी कधी चाललेच नाही त्यात. नुसतं बांधत राहिले.

सिग्नलवाला : मला बांधता येत नाही बाई. वाटेल तिथे भिंत पडेल.

क्रेनवाली : पडू दे. हे बटण कशाचं? पुढे जायचं?

सिग्नलवाला : ते उडी मारायचं. अंगठ्याजवळचं पुढे जायचं. हां, असं. मान वळवायची तर उजव्या बोटाने.

क्रेनवाली : अरे, गवत आहे खाली. वरून नुसता हिरवा रंग दिसायचा. हलतंयसुद्धा. तू कधी बोलला नाहीस, गवत आहे म्हणून.

सिग्नलवाला : मला वाटलं, तुला दिसत असेल.

क्रेनवाली : तिकडे पाणी आहे का काहीतरी. बघून येते.

सिग्नलवाला : थांब, एकटी लांब जाऊ नकोस. मला अजून भिंत धरता येत नाही. बाई… अगं, जरा हळू चाल. वरून माणूस फारच लहान दिसतं.